बंधारा नेमके काय वाचवतो?

दर पावसाळ्यात, अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला, कोकणातल्या कुठल्या ना कुठल्या गावातून एक चित्रफीत फोनवर येते. लाट धूपप्रतिबंधक बंधाऱ्यावरून, म्हणजे किनाऱ्यालगत रचलेल्या दगडांच्या भिंतीवरून, उसळून माडाच्या बागेत शिरलेली असते, कुणाच्या तरी पडवीत घोटाभर खारे पाणी असते आणि घरातली माणसे तांदळाचे डबे माळ्यावर चढवत असतात. मग दोन दिवस वाद चालतो. एक बाजू म्हणते, बंधारा अपुरा आहे, उंच करा, टेट्रापॉड (लाटा अडवणारे चार पायांचे काँक्रीटचे ठोकळे) टाका; मुंबईला मिळतात तर आम्हाला का नाही? दुसरी बाजू म्हणते, समुद्राच्या तोंडाशी घरे बांधली, सीआरझेडचे (किनारा नियमन क्षेत्राचे) नियम धाब्यावर बसवले, आता निसर्गाच्या नावाने गळे कशाला काढता? तिसऱ्या दिवशी निधीची घोषणा होते किंवा होत नाही, उधाण ओसरते आणि वादही ओसरतो. इतक्या वर्षांत या वादात एक शब्द मी क्वचितच ऐकला आहे: वाळू. जिच्यावरून भांडण आहे, तिचाच भांडणात पत्ता नसतो.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकते. बंधाऱ्याने किनारा वाचत नाही. त्याच्या पाठीमागची जमीन वाचते, तीही काही वर्षे, आणि त्याची किंमत समोरची पुळण, म्हणजे वाळूचा किनारा, आणि शेजारच्या वाडीचा किनारा मोजतो. काही ठिकाणी ही किंमत मोजणे भागच असते, हे मला मान्य आहे. पण अशी काही किंमत असते हे न सांगता, ‘किनाऱ्याचे संरक्षण’ म्हणून बंधारा मागणे आणि मंजूर करणे ही कोकणच्या माणसाची फसवणूक आहे. आधी प्रत्येक पुळणीच्या वाळूचा हिशेब मांडा, मग दगड टाकायचे की नाही ते ठरवा, एवढीच माझी मागणी आहे.

पुळण म्हणजे जमीन असे आपण धरून चालतो, आणि चूक तिथेच होते. पुळण हा वाळूचा साठा आहे आणि त्यात सतत देवघेव चालू असते. पूर्व किनाऱ्यावर तर वाळूची जणू नदीच किनाऱ्याला समांतर वाहते. वर्षभराचा ताळेबंद काढला तर लाखो घनमीटर वाळू दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकलेली असते. कोकणाची घडण निराळी. इथे काळ्या कातळाचे आणि जांभ्याच्या सड्यांचे फाटे थेट पाण्यात उतरतात आणि दोन भूशिरांच्या कुशीत चंद्रकोरीसारखी एकेक पुळण वसलेली असते. हरिहरेश्वरला प्रदक्षिणेच्या वाटेवर लाटांनी कोरलेल्या कपारी आणि कड्याच्या पायथ्याचा सपाट खडकाळ ओटा दिसतो. भूशिरावर लाटांचा जोर एकवटतो आणि खडक झिजतो. तीच लाट उपसागराच्या आत शिरताना फाकते, दमते आणि हातातली वाळू खाली ठेवते. म्हणजे झीज आणि भर ही एकाच लाटेची दोन कामे आहेत. भूशिरांमध्ये अडकलेल्या अशा पुळणीला शेजारच्या पुळणीकडून फारशी उसनवार मिळत नाही. प्रत्येकीचे खाते स्वतंत्र. जमेच्या बाजूला नदीने सह्याद्रीवरून आणलेली वाळू, झिजल्या खडकाचा चुरा आणि शिंपल्यांची भुकटी. खर्चाच्या बाजूला वाऱ्याने आत उडवलेली, वादळाने खोल पाण्यात नेलेली, खाडीच्या मुखाशी अडकलेली आणि अलीकडच्या काळात डंपरमधून गेलेली. नद्या आखूड, त्यांच्यावर धरणे आणि बंधारे आलेले, खाड्यांतून वाळूचा उपसा चाललेला. जमा आटत गेली आणि खर्च वाढत गेला, तर शिल्लक काय राहणार?

समुद्राकाठी आयुष्य काढलेल्या कुणालाही विचारा, तो सांगेल की मिरगानंतर समुद्र वाळू नेतो आणि नारळी पौर्णिमेनंतर हळूहळू आणून देतो. पावसाळ्यातल्या उंच, आखूड लाटा पुळण खरवडतात आणि ती वाळू थोड्या अंतरावर पाण्याखाली बांधासारखी रचतात. त्या बांधावर पुढच्या लाटा आधीच फुटतात, किनाऱ्यापर्यंत येईतो त्यांचा जोर मोडतो. थंडीतल्या शांत लाटा तीच वाळू परत वर ढकलतात. म्हणजे ज्याला आपण आषाढात धूप म्हणून घाबरतो, ती बरेचदा किनाऱ्याने स्वतःसाठी केलेली तटबंदी असते. या देवघेवीत राखीव साठा असतो तो पुळणीमागच्या वाळूच्या टेकड्यांचा. त्यांच्यावर जी वेल पसरते तिला आपल्या लोकांनी मर्यादवेल म्हटले. जांभळ्या फुलांची ही वेल जिथवर आहे तिथवर समुद्र येऊ शकतो, त्यापुढे आपण घर बांधायचे नाही, हा नियम नावातच आहे. तिच्या जोडीला रावणाच्या मिशा नावाचे टोकदार गवत, मागे केवड्याचे बन. या झाडोऱ्यात अडकून वाळू साचते, टेकडी उंच होते आणि मोठ्या वादळात हीच टेकडी थोडी खचून पुळणीला वाळू पुरवते. आपण बहुतेक ठिकाणी टेकडी सपाट केली, मर्यादवेल उपटली, तिथे वाहनतळ, रिसॉर्ट किंवा सुरूची एकसुरी लागवड केली. जून २०२०च्या निसर्ग चक्रीवादळात रायगड-रत्नागिरीच्या किनाऱ्यावर ही सुरूची झाडे हजारोंनी आडवी झाली, हे अनेकांनी डोळ्यांनी पाहिले आहे.

आता या जागी बंधारा उभा करा. वाळूच्या उतारावर लाट चढते, पसरते, काही पाणी वाळूत मुरते आणि परतताना तिच्यात फारसा दम उरत नाही. दगडावर आपटलेली लाट त्याहून जास्त जोराने मागे फिरते आणि जाताना बंधाऱ्याच्या पायाखालची वाळू ओढून नेते. दोन-चार पावसाळ्यांत समोरची पुळण खाली बसते. भरतीला तर तिथे उभे राहायलाही जागा उरत नाही. पायथा उघडा पडला की दगड खचतात, मग आणखी दगड. टेकडीतला राखीव साठा बंधाऱ्याच्या आत कोंडला गेल्यामुळे वादळाच्या वेळी पाण्याखालचा बांध रचायला वाळूच मिळत नाही. आणि बंधारा जिथे संपतो तिथे काय होते ते त्या टोकाच्या घराला विचारा. वळलेल्या लाटा त्याच्याच कुंपणाला लागतात. पुढच्या वर्षी तोही अर्ज घेऊन पंचायतीत येतो, बंधारा शंभर मीटरने वाढतो आणि टोकाचे घर बदलते. रत्नागिरीजवळ मिऱ्याचा बंधारा किती पावसाळ्यांत खचला आणि किती वेळा डागडुजीला आला, याची मोजदाद तिथल्या माणसांनीही सोडून दिली असेल. त्याच बाजूच्या पांढऱ्या वाळूमुळे लोक त्या किनाऱ्याला पांढरा समुद्र म्हणत आले. नाव राहिले आहे. त्या नावाला साजेशी पुळण आता दगडांपुढे फारशी दिसत नाही.

यावर मालवणजवळच्या देवबागचा माणूस जे उत्तर देईल ते माझ्या सगळ्या युक्तिवादापेक्षा जड आहे, आणि ते टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. कर्ली नदी समुद्राला भेटायच्या आधी दक्षिणेला वळते आणि बरेच अंतर किनाऱ्याला समांतर वाहते; मधे उरलेला वाळूचा चिंचोळा दांडा म्हणजे देवबाग. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी. ‘वाळूचा हिशेब होईस्तोवर आम्ही कुठे जायचे? तुमचा अभ्यास पाच वर्षांनी येईल, उधाण उद्या आहे,’ असे तो म्हणाला तर ते शब्दशः खरे आहे. बंधाऱ्यामागे कितीतरी घरे आज उभी आहेत आणि बंधारा नसता तर ती उभी नसती, हेही खरे. ज्या गावाला मागे सरकायला जागाच नाही त्याला ‘मागे सरका’ म्हणणे हा सल्ला नव्हे. म्हणूनच दाट वस्तीपुढे, गावाच्या एकुलत्या एक रस्त्यापुढे बंधारा लागेल, आणि तो चांगला बांधला पाहिजे, दरवर्षीच्या देखभालीच्या तरतुदीसह, असे मी म्हणते. पण देवबागच्या बाबतीतच एक गोष्ट विसरता येत नाही: हे गावच मुळी नदीने आणि समुद्राने टाकलेल्या वाळूवर वसले आहे. संगमाजवळचा, पर्यटक ज्याला त्सुनामी आयलंड म्हणतात तो वाळूचा पट्टा पाहा; ओहोटीला तिथे माणसे उभी असतात, भरतीला तिथे पाणी असते. ज्या वाळूने गाव घडवले, तिची खाडीतली वाट तशीच उघडी आहे का, वर किती उपसा होतो, मुखाशी किती गाळ अडतो, हे न पाहता फक्त समुद्राच्या अंगाला दगड टाकत राहिलो तर बंधारा जागेवर राहील, पण त्याच्या दोन्ही बाजूंना पाणी असेल.

दुसरा आक्षेप न्यायाचा आहे आणि तोही खरा आहे. मरीन ड्राइव्हच्या कठड्याखाली कित्येक दशके टेट्रापॉड आहेत. मुंबईकराच्या फिरायच्या रस्त्याला जे मिळते ते कोकणातल्या खारव्याच्या घराला का मिळू नये? प्रश्न विचारणाऱ्याचा राग मला समजतो. पण मरीन ड्राइव्हला नेमके काय राखायचे होते? भराव घालून मिळवलेल्या जमिनीवरचा रस्ता. त्या टेट्रापॉडपुढे पुळण नाही, कुणी तिथे रापण (किनाऱ्यावरून ओढायचे लांब जाळे) ओढत नाही, कासव अंडी घालायला येत नाही. कोकणातल्या पुळणीवर पोट आहे. रापण ओढायला मोकळी वाळू लागते, होडी वर घ्यायला उतार लागतो, मासळी सुकवायला जागा लागते. पर्यटक येतो तोही वाळूसाठी येतो. वेळास, आंजर्ले या गावांनी ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी जपली. ती मादी दगडांचा ढीग चढून जाऊ शकत नाही. मुंबईचा उपाय मागताना आपण मुंबईचे नुकसानही मागून घेतो. न्याय मागायचाच असेल तर तेवढाच पैसा मागावा, तेच दगड कशाला?

तिसरा आक्षेप शिकलेली माणसे घेतात. हे सगळे हवामानबदलाचे परिणाम आहेत, समुद्र चढतो आहे, तिथे तुमच्या वाळूच्या जमाखर्चाने काय होणार? समुद्र चढतो आहे यात शंका नाही. १९०१ ते २०१८ या काळात जगाची सरासरी समुद्रपातळी सुमारे २० सेंटीमीटरने वाढली आणि वाढीचा वेग वाढतोच आहे. अरबी समुद्रातली चक्रीवादळेही पूर्वीपेक्षा जोरकस होऊ लागली आहेत. पण फक्त पातळी हेच कारण असते तर धूप सगळीकडे सारखी दिसली असती. राष्ट्रीय किनारा संशोधन केंद्राने १९९० पासूनच्या उपग्रहचित्रांवरून देशाचा किनारा मोजला, तेव्हा सुमारे एक तृतीयांश किनारा झिजताना दिसला, पण चौथाईहून अधिक किनाऱ्यावर भर पडत होती. महाराष्ट्रात झीज चौथाईच्या आसपास, बराच मोठा भाग स्थिर. एकाच समुद्राच्या काठावर एक गाव खचते आणि दुसऱ्याच्या बंदरात गाळ भरतो, हे कसे? वाळू कुठे अडते आणि कुठे तुटते, यावरून. हवामानबदल हा सावकार आहे असे समजा. ज्याच्या खात्यात शिल्लक नाही त्याच्या दारात तो आधी येतो.

आणि भर पडणे म्हणजे वरदान, असेही नाही. सोपारा हे एके काळी परदेशी व्यापाऱ्यांच्या लेखनात नोंदलेले बंदर, अशोकाचा शिलालेख तिथे सापडला; आज नालासोपाऱ्यात उतरणाऱ्या माणसाला तिथे बंदर होते हे सांगावे लागते. चौल या जुन्या बंदराच्या खाडीनेही तेच पाहिले. किनारा हजारो वर्षे असाच इकडून घेत आणि तिकडे देत आला आहे. शिवकालीन माणसांना हे पुरते कळत होते. सिंधुदुर्गासाठी मालवणसमोरचे कुरटे बेट निवडले ते कातळ होते म्हणून, आणि १६६४ मध्ये सुरू झालेले ते बांधकाम साडेतीनशेहून अधिक वर्षे लाटा झेलते आहे. ज्यांनी समुद्रात किल्ले बांधले त्यांनी वाळूवर तट उभारला नाही. गुहागरसारख्या जुन्या गावांची रचना बघा: समुद्र, पुळण, वाळूची टेकडी, मग माडा-पोफळीची वाडी, आणि वाडीच्याही मागे घरे. समुद्राच्या बाजूला घराची पाठ. हे अंतर कुठल्या कायद्याने घालून दिले नव्हते.

वाळू काढून घेतली की काय होते, हे पाहायचे असेल तर इंग्लंडमधल्या डेव्हनच्या किनाऱ्यावरचे हॉलसँड्स हे मासेमाऱ्यांचे छोटे गाव आठवावे. १८९७ मध्ये प्लिमथच्या नौदल गोदीच्या विस्तारासाठी गावापुढच्या समुद्रातून वाळू आणि गोटे काढायला सुरुवात झाली. समुद्र खड्डा आपोआप भरून काढेल, असे गृहीत धरले होते. गावकऱ्यांनी तक्रारी केल्या, पुळण खाली बसत चालल्याचे दाखवले. १९०२ मध्ये परवाना रद्द झाला तोवर सुमारे साडेसहा लाख टन माल गेला होता. तो परत आला नाही, कारण ते गोटे फार जुन्या काळी तिथे येऊन पडलेले होते आणि त्यांना नवी जमा नव्हती. मधल्या काळात भिंती बांधल्या, दुरुस्त्या केल्या. २६ जानेवारी १९१७च्या रात्री ईशान्येचे वादळ आणि मोठी भरती एकत्र आली आणि गाव कोसळले. माणसे वाचली, घरे नाही. खाडीच्या मुखाशी सक्शन पंप लावून रात्री वाळू उपसणारे आणि ‘पावसाळ्यात भरून येईल’ म्हणणारे आपल्याकडे आज आहेत. हातपाटीने वाळू काढून पोट भरणाऱ्या माणसाबद्दल मी बोलत नाही. त्याच्या पाटीने पुळण संपत नव्हती. पण त्याच्या आडून यंत्रे येतात, आणि ज्या तालुक्यात खाडी उपसली जाते त्याच तालुक्यात धूपप्रतिबंधक बंधाऱ्याची मागणी होते. दोन्ही गोष्टी एका टेबलावर कधी येत नाहीत.

वाळूची वाट अडवली की काय होते, ते चेन्नईत दिसते. १८७०च्या दशकात तिथे बंदराच्या भिंती समुद्रात नेल्या. उत्तरेकडे जाणारी वाळू त्यांना अडून दक्षिणेला साठू लागली आणि आज ज्याचे कौतुक होते तो मरीना बीच रुंदावत गेला. उत्तरेच्या रोयापुरमच्या कोळ्यांच्या वाट्याला मात्र झीज आणि दगड आले. पुदुच्चेरीने १९८९च्या बंदरानंतर तीच गोष्ट अनुभवली. शहरासमोरची पुळण गेली आणि तिच्या जागी दगडांची रांग आली. पण पुदुच्चेरीची गोष्ट तिथे संपली नाही, आणि म्हणून ती मला महत्त्वाची वाटते. बंदराच्या मुखातून काढलेली वाळू किनाऱ्यावर टाकली, २०१८च्या सुमारास पाण्याखाली लाटांचा जोर मोडणारा एक बांध बसवला, आणि ज्या ठिकाणी एक पिढी फक्त दगड पाहत मोठी झाली तिथे शहरासमोर पुन्हा वाळू दिसू लागली. गेलेली पुळण परत येऊ शकते. तिला वाट आणि माल दोन्ही मिळाले पाहिजेत.

‘पण डच लोकांनी भिंती बांधूनच देश राखला ना?’ हा प्रश्न हमखास येतो. राखला, शतकानुशतके. आणि त्या अनुभवातूनच त्यांनी १९९०मध्ये धोरण बदलले: किनारारेषा मुख्यतः वाळू घालून टिकवायची. दरवर्षी सरासरी १ कोटी २० लाख घनमीटर वाळू ते समुद्रतळावरून आणून किनाऱ्याला देत आले. २०११ मध्ये तर हेगजवळ एकाच जागी २ कोटी १५ लाख घनमीटरचा ढीग घातला आणि तो किनाऱ्यावर पसरवायचे काम वारा-लाटांवर सोपवले. आपल्याला ती ऐपत नाही, हे मान्य. पण आपल्या पुळणी लहान आहेत, भूशिरांनी बंद आहेत, आणि तिथे घातलेली वाळू फारशी दूर पळून जात नाही. बंदरांच्या, जेट्टींच्या, खाड्यांच्या मुखातून दरवर्षी गाळ काढायचा खर्च आपण करतोच. त्यातली चांगली वाळू लांब समुद्रात नेऊन टाकण्याऐवजी किंवा लिलावात विकण्याऐवजी त्याच पुळणीला का देऊ नये?

‘समुद्राच्या तोंडाशी घरे बांधलीत, आता भोगा’ म्हणणाऱ्या दुसऱ्या बाजूला मात्र मी यापेक्षा कमी सवलत देईन. वाळूच्या टेकड्या सीआरझेडमध्ये सर्वांत कडक संरक्षणाच्या वर्गात आहेत, हे सांगताना त्या सपाट कुणी केल्या हेही सांगितले पाहिजे. बहुतेक वेळा ज्याची पडवी भिजते तो माणूस तो नसतो. खारवी, गाबीत, कोळी समुद्रालगत राहतात कारण त्यांचा धंदा तिथे आहे. त्यांना हलावेच लागले तर होडी लावायच्या जागेसह, मालकीच्या कागदासह, जवळच हलवले पाहिजे. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६साठी धुपीने विस्थापित होणाऱ्यांच्या पुनर्वसनाला १,००० कोटी आणि धूप रोखण्याच्या उपायांना १,५०० कोटी रुपये सुचवले. नद्या आणि समुद्र मिळून, सगळ्या देशासाठी. रक्कम अपुरी आहे, पण धुपीने घर जाणे ही आपत्ती आहे आणि पुनर्वसन हा हक्काचा विषय आहे हे त्यात मानले गेले. किती ग्रामपंचायतींनी त्या वाटेने मागणी केली? बंधाऱ्याचा ठराव घ्यायला दहा मिनिटे लागतात, कारण त्यात कुणालाच काही सोडावे लागत नाही.

हिशेबाची सुरुवात करायला ना निधी लागतो ना सल्लागार. वाडीतल्या एखाद्या न हलणाऱ्या खुणेपासून, देवळाच्या पायरीपासून किंवा विहिरीच्या कठड्यापासून, ओहोटीच्या पाण्यापर्यंतचे अंतर टेपने मोजायचे, दर पौर्णिमेला, त्याच जागी, आणि आकडा शाळेच्या वहीत तारखेसह लिहायचा. दुसरी मोजणी बंधाऱ्याच्या टोकापलीकडे, तिसरी खाडीच्या मुखाशी. आषाढात आकडा घटेल, मार्गशीर्षात वाढेल. तीन वर्षांच्या मार्गशीर्षांची तुलना केली की ही पुळण श्वास घेते आहे की खंगते आहे, ते गावाला कळेल. पुढच्या वेळी कुणी बंधाऱ्याचा आराखडा घेऊन ग्रामसभेत आले तर ती वही टेबलावर ठेवायची आणि विचारायचे: यातले कुठले आकडे तुम्ही बदलणार आहात, आणि शेजारच्या वाडीच्या वहीत त्याने काय होईल?